साठ हजारांची मर्यादा

मी आयुष्यात फुटबॉलला एकदाच पाय लावला, आणि तोही चेंडू माझ्या स्कूटरखाली अडकला म्हणून. तरीही आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा फुटबॉल सात वर्षं माझ्या सहीशिवाय हलत नव्हता. कोणता संघ खेळणार, कोणाचे गुण कापायचे, कोणत्या गोलरक्षकाला किती मानधन मिळणार, हे सगळं मी ठरवत होतो. ऑफसाइड म्हणजे काय हे मला अजून नीट सांगता येत नाही. पंचांनी झेंडा वर केला की मीही मान डोलवायचो, एवढंच.

ही जबाबदारी माझ्याकडे आली ती माझ्या दुर्लौकिकामुळे. चौतीस वर्षं मी उपकोषागारात काढली. सरकारी बिलं पास करणं हे माझं काम होतं, असं नेमणूकपत्रात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ती परत पाठवणं हेच माझं काम आहे असा माझा समज होता. सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर तारीख नाही. एकदा तर मी स्वतःचंच प्रवासाचं बिल खाडाखोड आहे म्हणून परत पाठवलं, आणि ते खुलाशासह माझ्याच टेबलावर आलं तेव्हा ‘खुलासा समाधानकारक नाही’ असा शेरा मारला. निरोपसमारंभात साहेबांनी माझं कौतुक केलं, पण टाळ्या जरा जास्तच जोरात झाल्या असं माझ्या बायकोला वाटलं.

निवृत्त होऊन महिना झाला नव्हता तोच डॉक्टर पाटील घरी आले. खामगावात आमच्याच गल्लीत त्यांचा दवाखाना. जिल्हा फुटबॉल लीगचे ते अध्यक्ष होते. चहा संपवून म्हणाले, “वानखडे साहेब, आपल्या लीगमंदी फुटबॉल समजणारे लय हायेत. ‘नाही’ म्हणणारा एकही नाही. तुमी या.”

“पण डॉक्टर, मला त्यातलं काही कळत नाही.”

“तेच तं पाह्यजे.”

मी कोषाध्यक्ष झालो. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली, एक लोखंडी कपाट आणि एक टेबल मिळालं. टेबल मिळाल्यावर मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

बाहेरच्या वाचकांसाठी ही लीग म्हणजे काय ते सांगायला हवं. टीव्हीवर जे दिसतं त्याच्याशी हिचा फार दूरचा संबंध. आठ संघ, हिवाळ्यात तीन-चार महिने सामने, तालुक्याच्या गावांचे पाच संघ आणि साखरखेर्डा, पिंपळगाव राजा, वडनेर भोलजी ही तीन मोठी खेडी. तिकीट नाही. मैदान म्हणजे शाळेचं पटांगण, नाहीतर पीक निघालेलं कोणाचं तरी वावर. गावची पोरं बूट, जर्सी आणि जेवणावर खेळतात. पण नुसत्या गावच्या पोरांवर कप येत नाही, म्हणून प्रत्येक संघाचा कोणीतरी पोशिंदा असतो. कंत्राटदार, मंडपवाला, कृषी केंद्रवाला. तो नागपूरकडून, अकोल्याहून, बऱ्हाणपूरहून खेळाडू बोलावतो आणि त्यांना सामन्यागणिक मानधन देतो. एकानं दोन बोलावले की दुसरा तीन बोलावणार. मग पहिला पाच. जानेवारी उजाडेपर्यंत पोशिंद्याच्या घरात भांडणं सुरू होतात आणि फेब्रुवारीत संघ बंद पडतो.

मी येण्याआधीच्या हंगामात तीन संघ असे मध्येच बुडाले होते. पिंपळगाव राजाचा बाहेरून आणलेला गोलरक्षक मध्यंतरानंतर मैदानावर आलाच नाही. शोधाशोध झाली तेव्हा तो बसस्टँडवर बसलेला सापडला, हातात हातमोजे तसेच. मोजे संघाचे होते. तो म्हणाला, “तीन मॅचचे पैसे द्या अन् मोजे घेऊन जा.” पैसे कोणाकडेच नव्हते. उरलेला सामना गावच्या एका उंच पोरानं उघड्या हातांनी खेळला आणि सात गोल खाल्ले. लोकांना हा किस्सा सांगताना हसू येतं, पण तो गोलरक्षक त्या दिवशी घरी कसा गेला हे कोणी विचारत नाही. मी विचारलं होतं. कंडक्टरनं तसंच बसू दिलं म्हणे.

म्हणून मी नियम केला. मोठ्या लीगमध्ये याला सॅलरी कॅप म्हणतात असं डॉक्टरांच्या मुलानं सांगितलं. मी त्याचं नाव ‘मानधन मर्यादा’ ठेवलं. एका हंगामात एका संघानं खेळाडूंवर साठ हजारांच्या वर खर्च करायचा नाही, आणि त्यातले निम्मे पैसे हंगामाआधी लीगकडे जमा करायचे. संघ बुडाला तर त्या ठेवीतून खेळाडूंचं उरलेलं मानधन आणि गाडीभाडं द्यायचं. यात हुशारी काही नाही, आपल्याजवळ आहे तेवढंच खर्चायचं हे सांगायला चार पानं लागली एवढंच. पण सात वर्षांत या जिल्ह्यातून एकही खेळाडू भाडं उसनं मागून घरी गेला नाही. माझ्या हातून फुटबॉलचं काही भलं झालं असेल तर ते एवढंच, आणि त्याचा मला अभिमान आहे. आता बाकीचं सांगतो.

आमच्याकडे सामन्याला लाउडस्पीकर असतो आणि लाउडस्पीकरवर इनाम जाहीर होतं. गोल झाला की प्रेक्षकांतून कोणीतरी चिठ्ठी पाठवतो, आणि माइकवरचा माणूस ओरडतो, “अमुक अमुक यांच्याकडून गोल मारणाऱ्या गड्याला एकशे एक रुपये!” कुस्तीच्या फडातली ही रीत फुटबॉलमध्ये आली. नियमाचा मसुदा लिहिताना प्रश्न आला, हे इनाम साठ हजारांत धरायचं की नाही? मी लिहिलं, ‘रसिकांनी स्वखुशीने दिलेले इनाम मर्यादेतून वगळण्यात येत आहे.’

आता खरं कारण. आदल्याच आठवड्यात मी नांदुऱ्याच्या सामन्यात एक्कावन्न रुपयांची चिठ्ठी पाठवली होती. माइकवर बाबाराव होते. बाबाराव लग्नांतून, मयतीतून, निवडणुकीतून घोटून तयार झालेले निवेदक. त्यांनी माझं नाव ‘जिल्ह्याचे माजी कोषागार अधिकारी, आदरणीय वानखडे साहेब’ असं तीनदा घेतलं. मी वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो होतो. चौतीस वर्षांत कोणी मला आदरणीय म्हटलं नव्हतं. अशा पवित्र प्रथेला मर्यादा घालणं मला बरं वाटलं नाही.

पहिल्याच हंगामात नियमाची वाट लागली. सुरुवात केली साखरखेर्ड्याच्या मोहनशेठनी. बी-बियाणं आणि खताचं त्यांचं मोठं दुकान, स्वभाव मोकळा, हात त्याहून मोकळा. त्यांच्या संघानं कागदावर पन्नास हजारच खर्च केले. पण माइकवर इनामांचा नुसता पाऊस. गोलला इनाम समजू शकतो. हळूहळू कॉर्नरला इनाम यायला लागलं. मग थ्रो-इनला. बऱ्हाणपूरहून आलेला एक आघाडीचा खेळाडू बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तर बाबाराव गरजले, “नाडी बांधल्याबद्दल पाचशे एक!” बदली होऊन बाहेर जाणाऱ्याला सातशे एक, आत येणाऱ्यालाही सातशे एक. देणाऱ्यांची नावंही वेगवेगळी. त्यातल्या एकाच्या तेरवीला मी स्वतः जेवून आलो होतो.

मी मोहनशेठना गाठलं. “शेठ, हे काय चाललंय?”

“काय साहेब?”

“ते मामा वारले ना तुमचे?”

“हाव ना. पण फुटबॉलचा लय नाद होता त्यायले,” मोहनशेठ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. “अन् इनामाले तं तुमीच मोकळीक देली. तुमच्या सहीचा कागद हाये मायापाशी. फ्रेम करून दुकानात लावला.”

फ्रेम खरंच लावलेली होती. जिल्हाभर माझं हसं झालं. भाजीबाजारात लोक मला थांबवून विचारायचे, “साहेब, पिशवी उचलल्याबद्दल किती?” बायकोनं आठवडाभर मला बाजारात पाठवणं बंद केलं.

अपमान झालेला कारकून फार वाईट. मी चिडून नियम नव्यानं लिहिला, आणि असा लिहिला की त्यातून मुंगी सुटू नये. ‘रोख अथवा वस्तुरूपाने, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष, कोणत्याही निमित्ताने दिलेला लाभ मर्यादेत धरण्यात येईल.’ इनाम धरायचं, बूट धरायचे, जेवणाचं प्रत्येक ताट धरायचं. त्यासाठी मी एक नमुना छापून घेतला. मानधन, प्रवास, निवास, भोजन, इतर, एकूण. मर्यादा ओलांडली तर तीन गुण कापायचे. हा नमुना मी स्वतः आखला होता आणि त्याच्या रेघा पाहून मला समाधान वाटायचं.

मोहनशेठांनी काय केलं? त्यांनी आपले तीन आघाडीचे खेळाडू दुकानात हमाल म्हणून नोंदवले. पगारपत्रक दाखवलं. मी तपासणीला गेलो तर एकजण खरंच खताचं पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. मी आत गेलो, बाहेर आलो, तरी तो तिथंच, तेच पोतं घेऊन. तरीही पगारपत्रकावर रेव्हेन्यू तिकीट होतं, सही होती, तारीख होती. मला आक्षेप घ्यायला जागाच सापडली नाही.

ज्यांना लपवायचं होतं त्यांनी लपवलं. माझ्या नव्या नियमात सापडला एकच संघ, वडनेर भोलजीचा.

वडनेरचा संघ उभा केला होता इंगळे गुरुजींनी. प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर संघ त्यांच्या पत्नीनं, मंदाताईंनी, चालवायला घेतला. हायवेला लागून त्यांची छोटी खानावळ. पोशिंदा कोणी नव्हता. बाहेरचा म्हणून एक गोलरक्षक, बाकी सगळी गावची पोरं, सकाळी वावरात आणि दुपारी मैदानात. मंदाताईंना फुटबॉल माझ्यापेक्षा किती तरी जास्त कळायचा. त्या गोलच्या मागं उभ्या राहून बचावफळीला हाका मारायच्या, “अबे मागं ये ना! काऊन पुढं पळून राह्यला?” पोरं त्यांना वहिनी म्हणायची आणि पंचापेक्षा त्यांना भ्यायची.

वडनेरच्या घरच्या सामन्यांना हजर राहायला मला आवडायचं. मी ‘क्षेत्रीय तपासणी’ असं कारण लिहायचो. खरं कारण होतं खानावळ. तीन वाजता सामना, आम्ही एक वाजताच पोचायचो, मी आणि तीन पंच. मंदाताई म्हणायच्या, “हात धुवा, साहेब. ताटं वाढून ठेवले.” वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, कढी, मिरचीचा ठेचा. रविवार असला तर वरण-बट्टी, वर तुपाची धार. मी ‘नको, नको’ म्हणत तिसरी भाकर घ्यायचो. सातही घरच्या सामन्यांना मी गेलो. एकही तपासणी चुकवली नाही.

हंगाम संपला. शेवटचे दोन संघ लीगबाहेर जातात आणि तालुका स्पर्धेत खेळतात. वडनेर सहावं आलं होतं, म्हणजे काठावर वाचलं होतं. सातवं कोण, तर साखरखेर्डा. मोहनशेठांच्या खेळाडूंना एकमेकांची नावंही पाठ नव्हती, त्याला माझा नियम काय करणार?

मग मी हिशेब तपासायला बसलो. वडनेरचा नमुना अगदी स्वच्छ भरलेला. सोबत मंदाताईंची वही. मी नमुन्यातली भोजनाची बेरीज आणि वहीतली पानाखालची बेरीज ताडून पाहिली. जुळली. हिरव्या शाईनं बरोबरच्या खुणा केल्या. एकूण खर्च एकसष्ट हजार आठशे चाळीस. मर्यादेच्या अठराशे चाळीस रुपये वर.

मी मंदाताईंना बोलावून घेतलं. त्या दवाखान्याचा जिना चढून आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“ताई, मर्यादा ओलांडली तुम्ही.”

“कशात, साहेब? मानधन तं आमी एकाच गड्याले देतो.”

“भोजनात. ताटागणिक सत्तर रुपये लावलेत तुम्ही.”

“सत्तरच पडते. गिऱ्हाइकाले शंभर लावतो, पोट्ट्यायपासून नफा कसा घ्यावा?”

“तसं नाही. जेवणही मर्यादेत येतं. नियम आहे.”

“मंग उपाशी खेळवू का त्यायले?”

“उपाशी ठेवा असं नियमात कुठं आहे? मर्यादेत जेवू घाला.”

हे वाक्य मी जसंच्या तसं बोललो. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला ते फार मुद्देसूद वाटलं होतं. मंदाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं. गुणकपातीच्या कागदावर त्यांनी सही केली, वळणदार, पूर्ण नावाची. तीन गुण गेले, वडनेर सातवं झालं, साखरखेर्डा वाचलं. आता वार्षिक सभेनं शिक्कामोर्तब केलं की वडनेर लीगबाहेर जाणार होतं, आणि ते गेलं असतं तर पुन्हा वर आलं नसतं. गुरुजी राहिले नव्हते, पोशिंदा नव्हता, आणि तालुका स्पर्धेसाठी कोणी पोरं सांभाळत बसत नाही.

सभेच्या दिवशी सकाळी मी घरी शेवटची पडताळणी करत होतो. कोषागारातली जुनी सवय, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं खूण करायची. वाचायला बायकोला बसवलं. पहिले दोन संघ झाले. मग तिनं वडनेरची वही उघडली आणि बेरजा सोडून ओळी वाचायला लागली. तिला काय माहीत फक्त बेरीज वाचायची असते.

“खेळाडू चौदा, पंच तीन, साहेब एक. एकूण ताटं अठरा.” तिनं पान उलटलं. “खेळाडू चौदा, पंच तीन, साहेब एक.” पुन्हा पान उलटलं. “हे साहेब कोण हो?”

माझा पेन थांबला.

“तुमीच का?” ती म्हणाली. “अन् घरी येऊन तुमी पुन्हा जेवत होते! तपासणीत दिवसभर उपाशी राह्यलो म्हणून सांगत होते मले!”

सात सामने, प्रत्येकी चार ताटं. अठ्ठावीस ताटं, सत्तर रुपयांनी एकोणीसशे साठ. ती वजा केली तर वडनेर मर्यादेच्या एकशे वीस रुपये खाली. माझ्या सुंदर नमुन्यात पंचांच्या आणि तपासनिसाच्या जेवणाला रकानाच नव्हता. त्या बाईनं वहीत ओळीओळीनं खरं लिहिलं, आणि नमुन्यात एकच भोजनाचा रकाना होता म्हणून सगळं तिथं भरलं. लोकांना आयुष्यभर ‘तपशील जोडा’ म्हणणाऱ्या मी तपशील वाचलाच नव्हता. वर आणखी एक. त्या सातही दिवसांचा प्रत्येकी शंभर रुपये भोजनभत्ता मी लीगकडून उचलला होता.

सभा दुपारी एका मंगल कार्यालयात होती. जाताना रस्ताभर मी मनात वाक्य घोळवत होतो. ‘चूक माझी आहे. ती ताटं मी खाल्ली.’ अवघे सात शब्द. पण समोर आठही संघांचे लोक बसले होते, मोहनशेठ पहिल्या रांगेत, आणि भाजीबाजारातली ती पिशवी मला आठवली. मी उभा राहिलो आणि तोंडातून कारकुनी बाहेर पडली.

“वडनेर भोलजी संघाच्या भोजनखर्चात बेरजेची चूक आढळून आल्यामुळे गुणकपात रद्द करण्यात येत आहे.”

मोहनशेठ उठले. त्यांचा संघ आता सातवा होत होता. “बेरजेची चूक? ताईले बेरीज येत नाही, त्याची सजा आमाले काऊन?”

सगळ्या सभेनं मंदाताईंकडे पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, “भाकरी मोजता मोजता विसरल्या असतीन!” हशा पिकला. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “वानखडे साहेब, चूक कोणाची, ते नोंदवायचं का?”

ही माझी संधी होती. डॉक्टरांनी ताटात वाढून दिली होती. मी म्हणालो, “निर्णय झाला आहे. चूक कोणाची हा मुद्दा गौण आहे.”

आणि हशा अजून चालू होता, त्यात मीही थोडासा हसलो.

वडनेर लीगमध्ये राहिलं. साखरखेर्डा गेलं. मंदाताई सभा संपेपर्यंत सरळ बसून होत्या, नंतर कोणाशी न बोलता निघून गेल्या. मी स्वतःला सांगितलं, संघ वाचला ना, आणखी काय हवं? भोजनभत्त्याचे सातशे रुपये मी गुपचूप लीगच्या खात्यात भरले. पावतीवर ‘संकीर्ण’ लिहिलं.

पंधरा दिवसांनी मंदाताईंचा राजीनामा आला. कागदावर दोनच ओळी. ‘मला बेरीज जमत नाही असे सभेत ठरले आहे. तरी संघाचा कारभार बेरीज येणाऱ्या माणसाकडे द्यावा.’ मी त्यावर ‘मंजूर’ असा शेरा मारला. दुसरा कोणता शेरा मारायचा ते मला सुचलं नाही.

पुढच्या हंगामात वडनेरला गेलो तर संघ एका तरुण शिक्षकाकडे होता. चांगला माणूस. त्यानं कागदी कपात चहा दिला आणि कपाची नोंद ‘अधिकारी’ या नव्या रकान्यात करून माझी सही घेतली. तो रकाना मीच घातला होता. गोलच्या मागं कोणी उभं नव्हतं. वडनेरची बचावफळी पुढं पळत होती आणि तिला मागं बोलवायला कोणी नव्हतं. तो सामना ते हरले. नंतरचेही बरेच हरले.

मी सामन्यातून उठून खानावळीवर गेलो. दुपार टळली होती, गिऱ्हाईक नव्हतं. मंदाताई बाहेरच्या ओट्यावर तूर निवडत होत्या. मला पाहून उठल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं.

“ताई,” मी म्हणालो, “एक सांगायला आलो. ती बेरीज... ती ताटं आमची होती. माझी आणि पंचांची. तुमची बेरीज चुकली नव्हती.”

“मले माहीत हाये,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत होतं?”

“वाढणारी मी. लिवणारी मी. मले नाही माहीत तं कोणाले?”

“मग त्या दिवशी दवाखान्यात का नाही सांगितलं? संघ जात होता तुमचा.”

त्यांचा तुरीवरचा हात थांबला. “तोंडापर्यंत आलं होतं, साहेब. पण जेवून गेलेल्या माणसाले त्याचे ताटं मोजून दाखवाचे काय? वहीत लिवलं होतं म्या. वही तुमच्याचपाशी होती. मले वाटलं, वाचतीन.”

चौतीस वर्षांत मी हजारो बिलांवर खुलासे मागितले, आणि माझ्याकडे आज देण्यासारखा एकही खुलासा नव्हता. मी म्हणालो, “सभेत मी बोलायला हवं होतं.”

“हाव. पाह्यजे होतं.” त्यांनी मला सोडलं नाही. गोड बोलून माझी सुटका करतील अशी माझी आशा होती, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं. “अन् तुमी हासलेही होते. म्या पाह्यलं. बाकीचे हासले त्याचं काही नाही, त्यायले कुठं माहीत होतं.”

“चुकलो, ताई.”

“ते मले काऊन सांगून राह्यले? मले तं माहीतच होतं.” त्यांनी सूप उचलून मांडीवर घेतलं. “ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा ना.”

मी उठलो. त्या वर्षीच्या सभेत सांगेन असं ठरवलं, आणि सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षांतही नाही. मग मी कोषाध्यक्षपद सोडलं, निरोपाचा सत्कार झाला, बाबारावांनी पुन्हा आदरणीय म्हटलं, शाल मिळाली, आणि शाल अंगावर असतानाही मी बोललो नाही. यंदा या अंकाच्या संपादकांनी फुटबॉल लीगचे मजेशीर अनुभव लिहा म्हणून निरोप धाडला. मोहनशेठचे किस्से होते, नाडीचा होता, पोत्याचा होता, त्यावर सहज भागलं असतं. पण हा अंक खामगावपासून साखरखेर्ड्यापर्यंत जातो, आणि त्या सभेतले बरेच लोक तो वाचतात.

तर त्या सर्वांसाठी लिहून देतो. मंदाताई इंगळे यांची बेरीज सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर होती. जास्तीची अठ्ठावीस ताटं आम्ही खाल्ली, त्यातली सात मी, आणि हे त्या सभेआधी मला माहीत होतं.